डबीतला बेडका

इतकी वर्षं टीबीच्या तपासणीत काढली, रोज तेच सांगतो. थुंकी नको, सकाळी उठल्याउठल्या छातीतून खोकून बेडका आणा. तरी डबीत फेसाळ पाणीच येतं. आपला बेडका परक्याच्या हातात द्यायची माणसांना लाज वाटते.

गगनबावड्याकडचे एक म्हातारे दोनदा नुसती थुंकी घेऊन आले. मी वैतागून म्हणालो, "पावणं, आता बेडका नसला तर येऊच नका."

तिसऱ्या खेपेला डबीत दाट बेडका होता. काचेवर पसरला, रंग चढवला, धुतला, भिंगाखाली धरला. निळ्या रंगात टीबीच्या जंतूंच्या लाल काड्याच काड्या दिसल्या. औषध सुरू करायला म्हाताऱ्यांना बोलावलं, तेव्हा सोबत बायको आली. पदर तोंडाला लावून खोकत होती.

"ह्यांस्नी बेडका सुटंना," ती म्हणाली. "तुमी चिडलासा म्हणून मीच भरून दिली की डबी."

म्हणजे त्या काड्या तिच्या होत्या. रागवायचंही त्राण उरलं नाही. कधीपासून खोकताय, एवढंच विचारलं.

"माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्यांचं औषध द्या."