दुधाच्या वासाचं पाणी

परवा दुधाच्या पातेल्यातून पाणी प्यायले आणि त्या वासानं चौसाळ्याजवळचं आमचं गाव आठवलं.

दुष्काळातला पहिला टँकर दूध सोसायटीसमोर उभा होता. पाटील माझ्या बाबांना म्हणाले, "गुरुजी, आधी तुमच्या विहारापाशच्या विहिरीत सोडू." बाबा म्हणाले, "न्हाई, मशिदीच्या हौदात." रहीमचाचा म्हणाले, "पैले देवळाच्या आडात."

"आवो, तंवर समदं गळून जाईल की!" ड्रायव्हर ओरडला. सगळे खो खो हसले. सोसायटीची दुधाची टाकी रिकामीच होती. पाणी तिच्यातच सोडलं.

त्या पाण्याला दुधाचा वास. मी नाक मुरडलं. आई मात्र घोट घेऊन हसली, "पोरी, आज समद्या गावाचं पाणी एकाच वासाचं हाय."

आमच्या वस्तीची विहीर गावापासून एवढी लांब कावून होती, हे मला फार नंतर कळलं.