ताईंनी भरलेला ट्रे

माझ्या थोरल्या वहिनीला कुणाचं चांगलं बघवत नाही, असं घरात कुणी तिच्या तोंडावर म्हणत नाही. पाठीमागे मात्र सगळेच म्हणतात. मी नणंद असूनही तिची बाजू घेते, ते आईला आजपर्यंत पचलेलं नाही. पण माणूस हेवा करायला कधी लागतो, तेही बघायला हवं ना.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनीचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. मुलं हाताशी आल्यावर तिने औषध सहायकाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. सकाळी वर्ग आणि दुपारी रुग्णालयाच्या औषध विभागात प्रत्यक्ष काम. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून औषधांची नावं चिकटवून ती भाजी चिरताना पुटपुटायची. पांढऱ्या कोटाला दुसऱ्या कुणाला इस्त्री करू द्यायची नाही. जेवताना आई विचारायची, "अगं, ही लाल गोळी जेवणाआधी की नंतर?" त्यावर वहिनी घास बाजूला ठेवून सविस्तर उत्तर द्यायची. इतक्या वर्षांत त्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

आणि मग धाकट्या भावाच्या बायकोने, म्हणजे आमच्या चिमणीने, त्याच वर्गात नाव घातलं.

"जगात हा एकच अभ्यासक्रम उरला होता का?" वहिनी म्हणाली.

"ताई, तुम्ही आहात म्हणून तर धाडस केलं," चिमणी म्हणाली. हे वाक्य वहिनीला शिवीपेक्षा जास्त लागलं.

चिमणी नावाप्रमाणेच. लहानखुरी, सतत चिवचिव. महिनाभरात आईची लाल गोळी चिमणीला विचारली जाऊ लागली, कारण ती उत्तराबरोबर आईच्या गुडघ्यांचीही चौकशी करायची. औषध विभागातही तेच. दोन खिडक्या शेजारी शेजारी, पण लोक चिमणीच्या रांगेत उभे राहायचे. वहिनीची रांग रिकामी असली तरी हलायचे नाहीत. "माझ्याकडे लोक औषध नेतात," वहिनी मला म्हणाली, "तिच्याकडे औषध नेतात, गप्पा मारतात, वर आशीर्वाद देऊन जातात. मी काय विष देते का?"

त्या विभागाची एक पद्धत होती. मागच्या खोलीत एकीने चिठ्ठी वाचून औषधं ट्रेमध्ये भरायची. दुसरीने प्रत्येक पट्टी चिठ्ठीशी पडताळून सही करायची. त्यानंतरच ट्रे खिडकीवर जायचा. भरणारीने स्वतःचा ट्रे तपासायचा नाही, हा मोठ्या बाईंचा नियम. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. कमी बोलायच्या, पण कानाने सगळीकडे असायच्या.

चिमणीने भरलेला ट्रे वहिनीकडे आला की सोनार खोटं नाणं बघतो तशी ती बघायची. कधी एक गोळी कमी सापडायची, कधी कापलेल्या पट्टीवरची तारीखच गायब.

"चिमणे, तारखेचं टोक कुठे गेलं?"

"अगं बाई, कापलं गेलं वाटतं."

"वाटतं कशाला, कापलंयस. उरलेल्या गोळ्या कधीपर्यंत चांगल्या, हे आता गोळ्यांना विचारू?"

चिमणी हसून पट्टी बाजूला टाकायची. तिच्या त्या हसण्याने वहिनीचा आनंद निम्मा व्हायचा.

अभ्यासक्रम संपत आला तेव्हा कळलं की शिकाऊंपैकी एकीलाच तिथे कायम ठेवणार आहेत. उरलेल्या मुली अजून कच्च्या होत्या. प्रश्न या दोघींचाच होता. त्या आठवड्यात मी माहेरी गेले, तर वहिनी देवासमोर जरा जास्तच वेळ बसलेली.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"नोकरी." वात सारखी करून म्हणाली, "आणि तिला मिळू नये, हेही."

"देवाकडे असं मागतात का?"

"मग खोटं मागू? त्याला काय आतलं दिसत नाही?"

खरं बोलणाऱ्या माणसाला प्रार्थना कशी करावी ते कोण शिकवणार?

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. वहिनी मागे ट्रे भरत होती. खिडकीवर चिमणी कुणाशी तरी हसत होती आणि मोठ्या बाईही, कधी नव्हे त्या, तिच्याबरोबर हसल्या. वहिनीचे हात खोक्यांवर, कान खिडकीवर. रक्तदाबाच्या कमी ताकदीच्या गोळ्या द्यायच्या, तर शेजारच्या खोक्यातल्या दुप्पट ताकदीच्या गेल्या. ट्रे चिमणीकडे गेला, तिने सही केली आणि औषध रुग्णाच्या पिशवीत पडलं.

रुग्ण निवृत्त बसचालक होते. संध्याकाळी ते पट्टी घेऊन परत आले. "पोरींनो, माझी गोळी एवढीशी असते. ही जरा अंगाने भरलीय."

नशीब, घेतली नव्हती. मोठ्या बाईंनी औषध बदलून दिलं, त्यांची माफी मागितली आणि दोघींना मागच्या खोलीत उभं केलं.

"भरलं कुणी?"

"मी," वहिनी म्हणाली.

"तपासलं कुणी?"

"मी," चिमणी म्हणाली. "पण ट्रे ताईंनी भरलेला होता, म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून बघितलं नाही. ताईंचं कधी चुकत नाही."

मोठ्या बाईंनी परत आलेली पट्टी चिमणीसमोर ठेवली. मग म्हणाल्या, "भरणाऱ्याचं चुकणार, हे धरूनच तपासणारा ठेवलाय. तू त्या जागेवर होतीसच कुठे? आणि हिने आजवर तुझा एक ट्रे न तपासता सोडलेला नाही. मला अशी नजर हवी."

नोकरी वहिनीला मिळाली.

चिमणीने घरी येऊन सगळ्यांना तोंड भरून सांगितलं, स्वतःचाच पेढा वाटत असल्यासारख्या उत्साहाने. रडली असेल तर तिच्या खोलीत. आई तेवढी म्हणाली, "बिचारीने डोळे मिटून भरवसा टाकला हो." वहिनीसमोरच म्हणाली.

"ऐकलंस?" वहिनी मला ओट्यापाशी म्हणाली. "नोकरी मला, आणि चांगली ठरली ती. चूकही माझीच. मोठ्या बाईंना माझी नजर आवडली. ती नजर कुठून आली, हे त्यांना कोण सांगणार?"

"आता तरी सोड की. मिळालं ना तुला?"

"तिचं बोलणं गोड म्हणून जळायचे, ते परवडलं. तिला भरवसा टाकता येतो, गं. तोही माझ्यावर. मला नाही येत. कुणावरच नाही." तिने कढई जरा जोरातच घासली.

चिमणीला पुढे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम मिळालं. आईची औषधं आता तिथूनच येतात. परवा मी होते तेव्हा वहिनीने ती पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पट्टी उजेडाकडे धरून बघितली. चिमणी शेजारीच चहा पीत बसली होती. बघून झाल्यावर वहिनीने सगळं परत भरून रबर लावलं.

"बरोबर आहे सगळं," ती तक्रार केल्यासारखं म्हणाली.

"तुम्ही बघितलंत ना, ताई," चिमणी म्हणाली, "मग असणारच."