वालूरच्या तीन जावा आणि मधलं भिंग

परभणीत स्टेशनच्या रस्त्याला आमचं फोटोचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि मध्ये काचेच्या छताची एक खोली. तिला आमचे हे स्टुडिओ म्हणायचे, गिऱ्हाईकं नुसती ‘काचंची खोली’ म्हणायची. मी वाशीमहून लग्न करून इथं आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुकानावरची पाटी उर्दूत होती आणि मला ती वाचता येत नव्हती. पहिलं वर्षभर मी माझ्याच घराची पाटी न वाचता उंबरा ओलांडत होते.

फोटोचं काम मी घरातच शिकले. आधी काचेच्या प्लेटा धुवायला, मग वाळवायला, मग बारीक पेन्सिलीनं काचेवरचे डाग झाकायला. कॅमेऱ्याला मात्र माझा हात लागत नसे. यांच्याकडे पाच भिंगं होती, सागवानी पेटीत, प्रत्येकाला मखमलीचा वेगळा खण. त्यांची विलायती नावं मला बोलता येईनात, म्हणून मी माझी नावं पाडली. पितळेचं जाडजूड ते थोरलं. ते यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेलं. वजनाला दोन शेराच्या वर, पण चेहरा असा काढायचं की माणूस आपल्यालाच नव्यानं दिसावा. त्याच्यापेक्षा निमुळतं ते लांबटं. मग मधलं, मग सगळी खोली पोटात घेणारं रुंद, आणि सुपारीएवढं धाकटं.

महायुद्ध चालू होतं त्या दिवसांतली गोष्ट. काचेचं छत पुसताना हे शिडीवरून पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. वैद्यानं तीन-चार महिने पाठीवर पडून राहायला सांगितलं. दुकानाला कुलूप लागलं. अशात एका सकाळी वालूरचे एक शेतकरी दारात उभे राहिले. तिघा भावांत थोरले, डोक्याला पांढरा पटका, पायांत धुळीनं भरलेले जोडे.

“आमच्या घरच्या बायकांचा फोटू काढायचाय,” ते म्हणाले. “पाडव्याला वाटणी हाय आमची. तिघी जावा हटून बसल्यात, येगळ्या चुली मांडायच्या आधी एकदा फोटू पाहिजे म्हून. पण गडीमाणूस आत येणार न्हाई.”

हे खाटेवरून म्हणाले, “गडीमाणूस तर इथंच पडलाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ही येईल.”

मी कधी एकही फोटो काढला नव्हता हे त्यांनी त्या गृहस्थांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

माघातल्या एका दिवशी मी आणि माझ्या नणंदबाई निघालो. त्या विधवा होत्या, आमच्याकडेच राहायच्या, आणि कुठंही जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार. सेलूपर्यंत रेल्वे, पुढं त्यांच्याकडची बैलगाडी. कॅमेरा, तिपाई, काळं कापड, सहा प्लेटा आणि पाच भिंगांची ती पेटी मी मांडीवर धरून बसले होते. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला पेटीत काही वाजलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, बाळंतपणाला निघाल्यासारखी बसू नका.”

वालूरच्या त्या घरात पुरुष अंगणात होते आणि तिघी जावा स्वयंपाकघरात. थोरली पन्नाशीची, भाकरी थापता थापता बोलणारी. मधली उंच आणि अबोल. धाकटी नवव्या वर्षी त्या घरात आलेली, तिची वेणी थोरलीनं घालून तिला वाढवलेलं. धाकटी तिला जाऊबाई म्हणतच नसे, माय म्हणायची.

“तुम्ही अंगणात या, तिथं उजेड चांगला आहे,” मी म्हणाले.

थोरली म्हणाली, “आंगण गड्यांचं, बाई. आमी तिघी हितं जगलो. फोटूबी हितंच काढ.”

खोली धाब्याची, अंधारी. छतातल्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तेवढा चुलीवर पडत होता. भिंतीला तुराट्यांची, धान्यानं भरलेली मोठी कणगी. मी थोरलं भिंग चढवलं, काळ्या कापडाखाली गेले. कॅमेऱ्याच्या मागच्या घाशीव काचेवर सगळं उलटं दिसतं. तिथं मला एकटी थोरलीच दिसली, तीही खांद्यापर्यंत. तिघी मावायच्या तर मला दहा पावलं मागं जायला हवं होतं आणि माझी पाठ आधीच कणगीला टेकली होती.

घाबरून मी तिघींचे तीन वेगळे फोटो काढले. मग लांबटं लावून पाहिलं, ते तर नाकापुढंच आलं. धाकटं लावलं, कोपरे काळे पडले. प्रत्येक वेळी भिंगाची फळी काढा, दुसरी बसवा, कापडाखाली जा, बाहेर या. तोवर उन्हाचा पट्टा चुलीवरून सरकत भिंतीवर गेला. शेवटी रुंद लावलं. तिघी दिसल्या. उजेड इतका कमी की मी पंधरा मोजेपर्यंत त्यांना श्वास धरून बसवलं. अशा दोन प्लेटा झाल्या. सहावी काढताना हातातून निसटली आणि फुटली. तुकडे धाकटीनं पदरात वेचले.

घरी आल्यावर मी प्लेटा धुतल्या आणि यांच्या खाटेपाशी धरल्या. रुंद भिंगाच्या दोन्ही वाया गेल्या होत्या. कडेला बसलेल्या धाकटीचा चेहरा गालफुगी झाल्यासारखा पसरला होता आणि घागरीवरचा तिचा हात सुपाएवढा दिसत होता. पण थोरल्या भिंगाचे तीन चेहरे पाहून हे उठून बसायला लागले.

“अगं, हे बघ! डोळ्यातलं पाणी आलंय! उस्तादांनी पाहायला हवं होतं.”

आम्ही त्या तीन प्लेटांचे फोटो छापून वालूरला पाठवले. आठ दिवसांत ते थोरले भाऊ पुन्हा दारात. फोटो फडक्यात नीट गुंडाळलेले, तसेच त्यांनी माझ्या हातात दिले.

“फोटू लय चांगले हायेत. आमची मंडळी म्हणायलीय, येगळं येगळं तर आता राहायचंच हाय. आमाला एकत्र पाहिजे.”

मी म्हणाले, “मी पुन्हा येते. पाडव्याच्या आधी येते.”

प्लेटा तेव्हा हैदराबादहून यायच्या आणि लढाईमुळं मिळेनाशा झाल्या होत्या. दुकानात जेमतेम डझनभर उरल्या होत्या. म्हणून मी प्लेट न घालताच शिकायचं ठरवलं. रोज एकच भिंग लावायचं आणि दिवसभर त्यातून नुसतं बघायचं. सकाळी कॅमेरा स्वयंपाकघरात, दुपारी ओसरीवर, उतरत्या उन्हात दुकानाच्या पायरीवर. नणंदबाई समोर बसून तांदूळ निवडायच्या. मी पावलं मोजायचे. किती पावलांवर एक माणूस मावतं, किती पावलांवर तीन, चेहरा कुठवर खरा राहतो. रस्त्यानं जाणारे लोक काळ्या कापडाखालून निघालेले माझे पाय बघून थांबायचे. एका म्हातारीनं नणंदबाईंना विचारलं, “तिला उजेड सहन व्हईना काय?”

त्या दिवसांत मला एक कळलं. आपल्या लोकांच्या घरांत माणूस माणसापासून फार लांब नसतंच. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पाच-सहा पावलं. खाटेपासून दारापर्यंत चार. थोरलं भिंग ज्या अंतरावरून बघायचं, तेवढं अंतर फक्त आमच्या काचेच्या खोलीत होतं. मधलं भिंग मात्र साधारण तिथूनच बघायचं, जिथून एखादी बाई दुसरीशी बोलते. जे काम त्यानं होणार नाही, म्हणजे मोठं कुटुंब, अरुंद बोळ, गर्दी, ते रुंदानं होईल. त्यातही कडेला कुणाला बसवायचं नाही, सगळ्यांना मध्ये ओढायचं. बाकीच्या तीन भिंगांवाचून माझं एका दिवसासाठीही अडलं नव्हतं.

मी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, दोन खणांची.

“थोरलं नेत नाहीस?” यांनी विचारलं.

“नाही.”

“पाच भिंगं जमवायला मला बारा वर्षं लागली. आणि तू दोनावर निघालीस.”

“तुमच्या उस्तादांना कुणी स्वयंपाकघरात बोलावलं नव्हतं,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ चावली. ते तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मी निघताना म्हणाले, “मधल्याची मागची काच पुसून घे. तिथं बुरशी धरते.”

फाल्गुन संपत आला होता. वालूरला पोचलो तर स्वयंपाकघराच्या दारातच मी थांबले. खोलीच्या मधोमध मातीची भिंत चढत होती. कंबरेएवढी आली होती, वरचा थर अजून ओला. पाडव्याला चार दिवस होते, पण पुरुषांना धीर नव्हता. मधलीची चूल पलीकडे मांडून झाली होती. धाकटीला मागच्या पडवीत जागा मिळाली होती. तिघी तीन ठिकाणी होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. सकाळी भांड्यांच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला होता, एका पितळी परातीपायी.

“राहू द्या आता फोटू,” मधली म्हणाली. त्या घरात तिचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मी पिशवी उचलायला लागले. तेवढ्यात नणंदबाई भिंतीला वळसा घालून थोरलीच्या चुलीपाशी गेल्या आणि सरळ खाली बसल्या. “आम्ही पहाटेपासून उपाशी आहोत,” त्या म्हणाल्या. “तुमचं भांडण मिटलं नाही तरी चालेल, पण भाकरी कोण घालतंय?”

थोरलीनं पीठ काढलं. धाकटी पडवीतून आली आणि न सांगता जाळ सारायला लागली. मधली थोडा वेळ भिंतीपलीकडे उभी राहिली, मग पिठलं ढवळायला इकडे आली. ती परात, जिच्यावरून सगळं झालं होतं, तीच थोरलीनं मळायला घेतली.

मी भिंतीच्या पलीकडे, मधलीच्या नव्या, रिकाम्या अर्ध्या खोलीत गेले. भिंतीच्या ओल्या थरावर गोणपाट टाकलं, त्यावर कॅमेरा ठेवला आणि मधलं भिंग लावलं. काळ्या कापडाखाली गेले. तिघी दिसल्या, उलट्या, पण पूर्ण. झरोक्यातलं ऊन थोरलीच्या हातावर आणि तिथून तिघींच्या तोंडावर.

“आता तशाच राहा,” मी म्हणाले. “मी आठ मोजते.”

“माय रडायलीय,” धाकटी म्हणाली.

“रडू दे मला,” थोरली म्हणाली. “तू हालू नको म्हणजे झालं. न्हाई का, बाई?”

मी आठ मोजले. मग आणखी एक प्लेट काढली, मन भरावं म्हणून. त्यानंतर आम्ही पाची जणी जेवलो.

तो फोटो यांनी स्वतः छापला, भिंतीला धरून उभं राहत, काठीच्या आधारानं. तीन छापायचे होते. वालूरचे थोरले भाऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी तो दाराच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, “आजून एक करा. मला येगळा.” भिंत मात्र पुरी झालीच. पुढं त्यांच्या गावची एक बाई दुकानात आली, तिनं सांगितलं की त्या जावांनी भिंतीत एक कोनाडा आरपार ठेवून घेतलाय, विस्तव द्यायला-घ्यायला.

त्यानंतर बायकांची बोलावणी येऊ लागली. देवगाव फाट्याच्या बाजूची वस्ती, पाथरीकडची घरं, कुठं बाळंतीण, कुठं डोहाळजेवण, कुठं आजारी सासू. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळापुढं जावळं काढायची, तिथं रुंद भिंग कामाला यायचं. मामाच्या मांडीवर रडणारं पोर आणि भोवती सगळी भावकी. हे बरे झाले, पण लंगडत चालायचे, म्हणून ते काचेच्या खोलीत थोरल्या भिंगापाशी राहिले आणि मी गावोगाव. कधी कुणी विचारलं की यांच्याकडे भिंगं किती, तर ते अजूनही ‘पाच’ म्हणायचे.

मग ते वर्ष आलं, ज्यात आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी घरं सोडली. रझाकारांची भीती होती. आम्हीही दुकान शेजारच्या अत्तरवाल्या चाचांच्या हवाली केलं आणि वाशीमला माझ्या माहेरी गेलो. माहेरच्या दोन खोल्यांत आधीच तीन कुटुंबं होती, म्हणून आम्ही जवळच्या धर्मशाळेत उतरलो. सगळी आमच्याच भागातली माणसं. ओळीनं तीन-तीन विटांच्या चुली. दोन महिने तिथं मी रोज कॅमेरा काढायचे. कुणी पैसे देण्याच्या स्थितीत नव्हतं, आणि प्लेटाही मोजक्याच होत्या, म्हणून बहुतेक वेळा नुसतीच बघायचे.

एका सकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. केस सुटलेले, पदर खोचलेला, धुरानं डोळे लाल. समोरून खटका ऐकू आला. हे काठी काखेत धरून कॅमेऱ्यामागं उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा फोटो काढलेला नव्हता, मीही कधी म्हटलं नव्हतं.

“असा काय काढला? मला नीट तरी होऊ द्यायचं,” मी म्हणाले.

“नीटच होतीस,” ते म्हणाले, आणि भाकरी जळते म्हणून मला हातानं खूण केली.