पिवळे पऱ्हे

कोणी काही विचारलं की सर आधी हातातलं पान खिडकीपाशी धरायचे, मग बोलायचे. पान नसेल तर हजेरीचा कागद धरायचे. बालाघाटच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला चपराशी.

"अंधारातलं पान रिकामं नसते बाप्पा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हरितलवकात प्रथिनं बनवायचा हुकूम लिहून तयार असते. उजेड आला की काम जोरात सुरू."

पोरं हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू! तुम्हीही हसला असता.

मग एका वर्षी माझीच फजिती झाली. खैरलांजीजवळ आमची थोडी धानाची शेती. पाखरं बी टिपतात म्हणून पऱ्ह्यांवर, म्हणजे रोवणीसाठी रोपं वाढवायच्या वाफ्यावर, काळी ताडपत्री घातली आणि आम्ही नवरा-बायको गोंदियाला साळ्याच्या लग्नात जाऊन बसलो. आठ दिवसांनी पाहतो तर सगळी रोपं लांबट, पिवळी, आडवी. घरात दुसरं बी नव्हतं. रोवणी हुकली की वर्षाचा भात गेला. बायको बांधावर बसून रडायला लागली. मी रोपं उपटून फेकणार, त्याआधी सरांना फोन केला.

सर पहिल्या बसने हजर.

"काहून फेकून राह्यला? जिवंत आहे ते!"

"मंग ताडपत्री काढून टाकू, सर?"

"नाही! एकदम कडक ऊन पडलं तर जळतीन. आधी कोवळा उजेड दे."

आणि सर प्लास्टिकची खुर्ची टाकून तिथेच बसले. ढग आला की ताडपत्री उचल, ऊन तापलं की टाक. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चिखलात इतके घाबरत पाय टाकायचे की एकदा घसरून बसलेच. बायको चहा आणायची, तो थंड व्हायचा. रात्री आमच्याच ओसरीवर झोपायचे. पिकेल की नाही, ही शंका त्यांना शिवलीच नाही. मी मात्र रात्री उठून बॅटरी घेऊन रोपं पाहून यायचो.

तिसऱ्या दिवशी शेंड्यांवर हिरवा रंग चढला. "पाह्य, काम सुरू झालं!" सर ओरडले. मी त्यांचे पाय धरले, त्यांनी मला शिव्या घातल्या.

रोवणीच्या दिवशी ते येणार होते. आदल्या पहाटे फोन आला, सर झोपेतच गेले.

मी रोवणी थांबवली आणि रोपांची एक जुडी घेऊन बालाघाटला सरांच्या घरी पोचलो. कॉलेजातल्या लोकांनी मोठमोठे हार आणले होते. माझ्या हातातून चिखल ठिबकत होता, म्हणून मी दाराशीच उभा राहिलो. सरांच्या बायकोने, मॅडमनी, मला पाहिलं.

"आत ये. ती जुडी त्यांच्या छातीवर ठेव," त्या म्हणाल्या. "हार सरकव बाजूले."