बुडालेलं गाव आणि गिरडची बस

त्या काकांचे आभार मानायचे राहूनच गेले.

सेवाग्रामच्या दवाखान्यात आत आईचं ऑपरेशन चाललं होतं. बाहेर वेळ जाता जाईना, म्हणून मी खिशातले फासे काढले आणि गिरडच्या बसची वेळ होईपर्यंत बाकावर टेकलेल्या अनोळखी काकांना आम्हा मित्रांचा खेळ शिकवला. आपण देव व्हायचं आणि फाशांवर पडेल तसं एक दुष्काळी गाव सुधारायचं.

मी उत्साहात एवढा पाऊस पाडला की गावच बुडालं.

"वा रे देवा! तुह्यापेक्षा दुष्काळ बरा होता!" काका मिशीत हसले. मग फाशांवर फुंकर मारत एकेक घर पाण्यातून काढू लागले.

"काका, तुमची गिरडची बस सुटेल."

"सुटू दे. लोकं बुडून राह्यले अन् मी बशीत बसू काय?"

तेवढ्यात नर्स आली. आई शुद्धीवर आली होती.

काका लगेच पिशवी उचलून निघाले. अर्धं गाव अजून पाण्यातच होतं.