रेडिओचा पूल

ओढ्याकाठच्या केशकर्तनालयाच्या पाटीवर मालकाचं नाव लिहिलेलं आहे, पण ते वाचायची गरज आजवर कुणाला पडली नाही. सगळा परिसर त्याला रेडिओ म्हणतो. बंद करायचं बटण नसलेला रेडिओ. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड आलं, की हा सुरू. आणि गळ्यावर वस्तरा असताना कोण कशाला वाद घालील?

आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं. "तोंडाला कुलूप लाव रे, किल्ली मी ओढ्यात टाकते," असं ती त्याला लहानपणी सारखी म्हणायची. आता ताई ओढ्याच्या पलीकडे एकटी राहते आणि सुईदोऱ्यापायी अधू झालेले तिचे डोळे पार गेलेत. रोज दुपारी रेडिओ दुकानाचं दार ओढतो आणि डबा घेऊन पायपुलावरून तिच्याकडे जातो. भेटेल त्याच्याशी बोलत जातो. त्यामुळे तो पुलाच्या मध्यावर असतानाच ताई तिकडे ताट घ्यायला उठते.

तर हा पायपूल. शहराचा विकास आराखडा नव्याने करायला घेतला, आणि मसुद्याच्या नकाशात ओढ्याकाठी रुंद रस्ता आला, पायपूल गेला. बदल्यात गाड्यांसाठी मोठा पूल होता, पण तो पार खाली, जुन्या गिरणीपाशी. तिकडून वळसा घालून ताईला जेवू घालायचं, तर दुकानाला टाळंच लावायला हवं. ताईला इकडे आणावं, तर तिच्या घरातली प्रत्येक भिंत तिच्या हाताला पाठ होती. "दुसऱ्या घरात गेले की मी खरी आंधळी होईन," ती म्हणाली, आणि विषय संपला.

नागरिकांनी हरकती आणि सूचना द्याव्यात, असं पालिकेने जाहीर केलं. रेडिओने विडाच उचलला. खुर्चीत बसेल त्याला पुलाची कथा, तीही रोज त्याच शब्दांत, कारण त्याची सुनावणीसाठी तालीम चालली होती. लोकांचे कान किटले. "दाढी कर बाबा, पूल राहू दे," असं दवाखान्यातला कंपाउंडर एकदा म्हणाला, तर त्याला अर्ध्या दाढीनिशी सगळा पूल पहिल्यापासून ऐकावा लागला.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. नगररचनेच्या अधिकारीबाईंनी टेबलावर घंटी ठेवली आणि सांगितलं, "प्रत्येकाला दोन मिनिटं."

दोन मिनिटांत तर रेडिओचं खाकरणंही आटपत नाही.

"पूर्वी तिथे नुसता ओंडका होता, बाईसाहेब," त्याने सुरुवात केली. मग तो ओंडका कोणत्या झाडाचा, कुणी आणला, आणताना कोण घसरून पडलं, हे सगळं आलं. "आणि त्या पुराच्या साली पाणी इतकं चढलं, की..."

टिंग.

"वेळ संपली. पुढचे कोण?"

"अहो, पण अजून पूल बांधूनसुद्धा झाला नाही!"

सगळे हसले. रेडिओ पडलेल्या चेहऱ्याने खाली बसला. जन्मभर नको तिथे बडबडलो, आणि हवं तिथे ओंडक्यातच अडकलो, असं त्याला वाटलं. स्वतःचीच जीभ उपटावी असं वाटलं.

पुढचा नंबर कंपाउंडरचा होता. त्याची हरकत तुंबलेल्या गटाराबद्दल होती. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं आणि कागद खिशात घातला.

"...की ओंडका वाहून गेला आणि हा पूल बांधावा लागला. पलीकडच्या बाळंतिणीला चौघांनी खाटेसकट याच पुलावरून दवाखान्यात आणलं," तो म्हणाला. शब्द रेडिओचे, ठेका रेडिओचा, मध्येच भुवई उडवणंही त्याचंच. रेडिओ आ वासून बघत राहिला.

टिंग झालं. भूगोलाचे सर उठले आणि तुटलेल्या वाक्यापासून पुढे निघाले. त्यांच्यानंतर शिंपी. कुणी काही ठरवलं नव्हतं. महिनाभर वस्तऱ्याखाली ऐकलेलं सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं, इतकंच.

मग उठला पुलापलीकडच्या, ताईच्या घरासमोरच्या गोदामाचा वॉचमन. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढायला पकड लागते. त्याचं पाठांतर तर सगळ्यांत पक्कं निघालं. "पलीकडची सगळी पोरं... मान जरा खाली... याच पुलावरून शाळेत येतात," तो म्हणाला, आणि सवयीने निम्म्या सभागृहाने माना खाली घातल्या. हसता हसता अधिकारीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण वॉचमन हसला नाही. "पलीकडे एक बाई एकटी राहते. तिला दिसत नाही. दुपारी पुलावर आवाज आला, की ती ताट घेते. पूल गेला तर आवाज कुठून येणार?"

हे रेडिओ खुर्चीपाशी कधीच बोलला नव्हता. हे वॉचमनने रोज आपल्या स्टुलावरून पाहिलं होतं.

बाईंचा हात घंटीवर गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. "कोण या बाई?"

रेडिओ उभा राहिला. "माझी ताई," म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतरच्या आठवड्यात अधिकारीबाई स्वतः येऊन पूल चालून गेल्या. आणि अंतिम आराखडा पालिकेच्या भिंतीवर लागला तेव्हा रुंद रस्त्याने पुलाच्या अलीकडेच वळण घेतलं होतं. ओढ्यावर छोटीशी काळी रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'पायपूल कायम, नवे कठडे'. अख्ख्या परिसराने मिळून आराखड्यात ती रेघ परत आणली होती. कंपाउंडरने रेडिओला तिथेच खांद्यावर घेतलं आणि घसा फोडून ओरडला, "जिंकलो रे!" सर टाळ्या पिटत होते, शिंपी नाचत होता. रेडिओचा मात्र आवाज फुटेना.

तसाच तो डबा घेऊन निघाला. पुलावर माणसं होती, पण तो कुणाशी बोलला नाही. ताईच्या दारात येऊन उभा राहिला.

"कोण आहे?" ताईने विचारलं. ताट अजून फळीवरच होतं.

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो चाचपला, मग त्याच्या गालांवरून बोटं फिरवली. गाल ओले होते.

"पूल राहिला का रे?"

त्याने मान डोलावली. तिच्या तळव्याला ती कळली.

"मग मेल्या, गप्प कशाला?" ताई रडता रडता हसायला लागली. "बोल ना! पहिल्यापासून सांग."

रेडिओने डोळे पुसले आणि खाकरला. "पूर्वी तिथे नुसता ओंडका होता, ताई..."