सरावाचं गेट आणि पप्पा

सराव बघायला लोकांना आत घ्यावं की नाही, यावरून आमच्या कॉलेजात चांगलंच वाजलं होतं. मी तेव्हा मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होते आणि 'घ्यावंच' म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आमच्या कोच मॅडम म्हणायच्या, "मॅच लोकांची, सराव आपला." मला ते पटायचं नाही. भिवंडीत टेनिस बॉल क्रिकेटला रस्ता अडेल एवढी गर्दी लोटते. मुलींचा बास्केटबॉल बघायला कोण येतंय? आणि जी चार माणसं येतात, त्यांना हाकलायचं कशाला?

ती चार माणसं म्हणजे बहुतेक शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातले लूमवाले. आमच्या कोर्टाची एक भिंत त्या कारखान्याला लागूनच होती. शिफ्ट सुटली की ते केसांत कापसाची कणी घेऊन गेटातून यायचे, कोर्टाच्या जाळीला टेकायचे आणि ओरडायचे, "अंदर दे, बेटी, अंदर!" पण रोज न चुकता येणारा माणूस एकच, माझे पप्पा. ते पालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते. टेमघरच्या आमच्या भागातले व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. पहाटेची ड्युटी उरकून, झोप काढून ते चारला कोर्टावर हजर. जाळीपाशी रंगाचा रिकामा डबा उलटा घालून बसायचे. स्वतः आयुष्यात बॉल हातात धरलेला नाही, पण मला सल्ले मात्र भरपूर. "पाय हलव, पाय!" मला असा राग यायचा की बॉल त्यांच्याच अंगावर फेकावा. पण ते एखाद्या दिवशी आले नाहीत, तर माझंच लक्ष त्या डब्याकडे जायचं.

लूमच्या खडखडाटात आमची हाक एकमेकींना ऐकू जायची नाही, म्हणून आम्ही खुणांनी खेळायचो. मी कानाची पाळी धरली की बॉल आत, बास्केटखाली उभ्या असलेल्या आमच्या उंच मुलीकडे. वेणी मागे टाकली की मी डावीकडून घुसणार. मूठ दाखवली की सगळ्यांनी मागे फिरायचं. बाहेरच्या शांत कोर्टांवर तर या खुणा आमचं हत्यारच झाल्या. समोरच्या टीमला कळायच्या आत बास्केट पडलेली असायची.

त्या वर्षी, म्हणजे माझ्या शेवटच्या वर्षी, सेमीफायनल कल्याणच्या कॉलेजशी ठरली. त्याआधी त्यांच्याच कोर्टावर एक मैत्रीचा सामना झाला. मी कान धरला, तर त्यांच्या दोघी आधीच आत उभ्या. वेणी मागे टाकली, तर डावी बाजू बंद. पहिल्यांदा वाटलं योगायोग असेल. मग मी मुद्दाम मूठ दाखवली, तेव्हा त्यांची एक मुलगी चक्क हसली. सपाटून हरलो. शेवटी त्यांची कॅप्टन माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाची पाळी धरून गेली. माझी सख्खी मामेबहीण त्याच टीममध्ये होती. एरवी भेटली की गळ्यात पडणारी पोरगी, त्या दिवशी मान खाली घालून बुटाची लेस बांधत बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला कोर्टावर गोल उभं केलं. "आजपासून गेट बंद. आई असो, भाऊ असो, कोणी आत येणार नाही. आणि खुणा बाहेर कोणी नेल्या ते मी शोधणार. ती मुलगी टीमबाहेर. मग ती कॅप्टन असली तरी." या वेळी मीही मान डोलावली. सगळ्या एकमेकींकडे चोरून बघत होत्या. कालपर्यंत एका बाटलीतून पाणी पिणाऱ्या आम्ही, आता बॅगा वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायला लागलो.

गेटला कडी लावायचं काम माझ्याकडे आलं. चारला पप्पा आले.

"मी पन?"

"सगळेच, पप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि लिंबूपाण्याची बाटली गेटच्या गजांतून आत दिली. समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथून काही दिसत नव्हतं, लूममुळे ऐकूही येत नसणार. तरी सराव संपेपर्यंत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांवर खेकसले.

त्याच आठवड्यात एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. पप्पांना सराव बघायला मिळत नव्हता, म्हणून ते मोबाईलवर जुना व्हिडिओ बघत होते. मी डोकावले. आमचाच सराव, जाळीबाहेरून काढलेला. मी कान धरते, बॉल आत जातो. वर लिहिलेलं, 'आमची कॅप्टन'.

"हा कुठे टाकलात?"

"स्टेटसला. मागंच टाकला व्हता. सगळ्यांनी बघितला."

"मामानं?"

"बघितला की!" पप्पांचा चेहरा खुलला. "लगेच फोन केला त्यानं. म्हनला, दाजी, व्हिडिओ पाठवा, पोरीला दाखवतो. आनि ती कान का धरते, ते विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. कान, वेनी, मूठ, सगळं. मला कोन कधी खेळातलं काय विचारतो का, सांग."

मम्मी हसून म्हणाली, "ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही." तिला काहीच माहीत नव्हतं. सांगितलं तर मी टीमबाहेर. न सांगावं तर मॅडम दुसऱ्याच कोणावर आळ घेणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि समोर हा माणूस आनंदानं फुललेला. मला विचार करून बोलणं कधी जमलेलं नाही. मी ओरडले, "तुमच्यामुळे हरलो आम्ही! तुम्ही हरवलंत!"

मग सगळं सांगितलं. पप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि हात धुवायला उठले. पोटभर न जेवता उठलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

सकाळी मी मॅडमकडे जायचं ठरवून कॉलेजात पोचले, तर पप्पा त्यांच्या खोलीतून बाहेर येत होते. इस्त्रीचा शर्ट, पायात लग्नकार्याला घालायचे बूट. माझ्याशी न बोलता निघून गेले. मॅडम आत टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"ते म्हणाले, चूक माझी, पोरीला काढू नका. तू खेळशील. पण गेट उघडणार नाही. त्यांना तर नाहीच. कळलं?"

मी मान हलवली. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं.

आम्ही नव्या खुणा बसवल्या. जुन्यांपैकी फक्त कानाची ठेवली, तीही उलटी. एकदाच वापरायची, अगदी अडल्यावर. संध्याकाळी घरी आले तर पप्पा खिडकीशी बसलेले. जेवणाच्या त्या रात्रीपासून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मला राहवलं नाही. ज्या माणसाला सगळं पाठ होतं, त्याला निदान एक तरी खूण सांगावी. मी जवळ बसले. "पप्पा, ऐका. आता कान म्हणजे..."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "सांगू नको. बाय, मला सांगू नको." उठून बाहेरच गेले. मॅडमनी कितीही बोल लावले असते, तरी एवढं लागलं नसतं.

मॅचच्या आदल्या दिवशी मामाचा फोन आला होता, हे मम्मीनं नंतर सांगितलं. मामाची आपली थट्टाच. "काय दाजी, नवीन काय?" पप्पा म्हणाले, "मला काय म्हाईत? मला आत घेत न्हाय."

सेमीफायनलला हॉल भरलेला. आमचे लूमवालेही शिफ्ट बदलून आले होते. पप्पा मात्र त्यांच्यात न बसता वरच्या पायरीवर एकटेच. मॅच अटीतटीची झाली. कल्याणच्या मुली सुरुवातीला माझ्या प्रत्येक हाताकडे बघत होत्या. कान नाही, वेणी नाही, काही सापडेना. तरीही शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे होतो. बॉल माझ्याकडे आला. मी कानाची पाळी धरली.

"आत दे! आत दे!"

एवढ्या आवाजात मला पप्पांचा आवाज बरोबर ऐकू आला. ते उभे राहून ओरडत होते. त्यांच्यासारखीच कल्याणच्या मुलींनी जुनी खूण ओळखली आणि सगळ्या आत धावल्या, माझी मामेबहीण सगळ्यांच्या पुढे. माझ्यासमोर कोणी उरलंच नाही. मी डावीकडून गेले आणि बॉल बास्केटमध्ये टाकला.

हॉल उसळला. मुली माझ्या अंगावर पडल्या. मी त्यांच्या खांद्यांवरून वर बघितलं. पप्पांचा हात अजून 'आत दे' म्हणत हवेतच होता. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. ते माझा खेळ बघतायत आणि त्यांना तो कळत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांच्या नंतर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

फायनल आम्ही हरलो, पण ते मला तेवढं लागलं नाही. स्पर्धा संपल्यावर मॅडमनी स्वतःच सांगितलं, आता गेट उघडं ठेव, येऊ दे लोकांना. लूमवाले आले, जाळीला टेकले. चारला मी टपरीकडे गेले. पप्पा नेहमीच्या बाकड्यावर चहा पीत होते.

"चला आत. तुमचा डबा ठेवलाय मी."

त्यांनी ग्लासातला चहा संपवला. गेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको बाय," ते म्हणाले, "माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

मम्मी हे नेहमी हसत म्हणायची. पप्पा हसले नाहीत. मी खूप ओढलं, रागावले, रडलेसुद्धा. माझं कॉलेज संपेपर्यंत ते रोज चारला यायचे आणि टपरीवरच बसायचे.